योग म्हणजे नेमके काय? अर्थ, पद्धती आणि उपयोग

मागच्या दोन व्याख्यानांत आपण सांख्यदर्शन पाहिले. पुरुष, प्रकृती, तीन गुण, पंचवीस तत्त्वे. नंतर जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, "सर, विषय चांगला होता, पण डोके भणभणले." म्हणून आज जरा ओळखीच्या मुलखात जाऊ. आजचा विषय योग. सांख्याचे हे जुळे भावंड. सांख्य विचार पुरवते आणि योग तो विचार जगण्यात उतरवण्याची कृती सांगतो.

सुरुवातीला आम्ही एक प्रश्न विचारला होता. इथे बसलेल्यांपैकी योग कोण कोण करते? जवळजवळ निम्मे हात वर झाले. मग विचारले, म्हणजे काय करता? उत्तरे आली: सूर्यनमस्कार, अनुलोम-विलोम, कपालभाती, पवनमुक्तासन. एक काकू म्हणाल्या, "मोबाइलवर बघून जमेल ते." हे सगळे ठीकच आहे. पण "मी खरे बोलायचा प्रयत्न करतो" किंवा "मी घरातले नको असलेले सामान कमी करतो" असे कोणी म्हटले नाही. आणि पतंजलींच्या हिशेबात योगाची सुरुवात तिथूनच होते. ही गंमत नीट समजून घेतली, की आजच्या व्याख्यानाचे निम्मे काम झाले.

एक शब्द, अनेक अर्थ

मराठीत आपण 'योग' हा शब्द किती सहज वापरतो बघा. भेटीचा योग आला नाही. पत्रिकेत परदेशी जाण्याचा योग आहे. निव्वळ योगायोग. इथे सगळीकडे 'जुळून येणे' हा अर्थ आहे. संस्कृतात 'युज्' धातूचा एक अर्थ जोडणे असा आहे. पण त्याच धातूचा दुसरा अर्थ आहे समाधी, म्हणजे चित्त एकाग्र होणे. "योग म्हणजे जोडणे, जिवाला शिवाशी जोडणे" असे आपण नेहमी ऐकतो. भक्तीच्या आणि वेदान्ताच्या परंपरेत ते योग्यच आहे. मात्र पतंजलींच्या योगसूत्रांवर जे सर्वांत जुने भाष्य उपलब्ध आहे, ते व्यासभाष्य, योग म्हणजे समाधी असाच अर्थ घेते. तिथे जोडण्यापेक्षा वेगळे करण्यावरच भर आहे. पाहणारा आणि दिसणारे यांची जी गल्लत आपल्या मनात झालेली असते, ती सोडवायची. मागच्या वेळचे सांख्य आठवले ना?

गीतेत तर हा शब्द आणखी पसरतो. कर्मयोग, भक्तियोग, ज्ञानयोग, ध्यानयोग. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातला सारा जोर कर्मयोगावर आहे. तिथे योग म्हणजे आसन नव्हे, निष्काम बुद्धीने कर्म करण्याची रीत. तेव्हा कोणी "मी योग करतो" म्हटले, की विचारायला हरकत नाही: कुठला?

सोयीसाठी आपण तीन अर्थ वेगळे ठेवू. पहिला, योग ही एक अवस्था, चित्त शांत झाल्याची. दुसरा, त्या अवस्थेकडे नेणारा मार्ग. आणि तिसरा, त्या मार्गातला शरीराचा आणि श्वासाचा अभ्यास. आज जगभर 'योगा' नावाने जे चालते ते बहुतांशी तिसरे. आणि गोंधळ होतो तो तिसऱ्याला पहिल्याची फळे चिकटवल्यामुळे.

पतंजलींचा आराखडा

योगसूत्रे हा छोटासा ग्रंथ आहे. चार पाद आणि जवळपास १९५ सूत्रे. काळाबद्दल मतभेद आहेत. बरेच अभ्यासक तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला मानतात. दुसऱ्याच सूत्रात पतंजली व्याख्या करून मोकळे होतात: चित्तात उठणाऱ्या वृत्ती थांबणे, म्हणजे योग.

'थांबणे' म्हटले की लोक घाबरतात. मन बंद पाडायचे की काय? वर्गात आम्ही एक साधे उदाहरण द्यायचो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते. ते माठात भरून ठेवले. आता ते ढवळून स्वच्छ होईल का? जितके ढवळाल तितके गढूळ. तुरटी फिरवायची आणि शांत ठेवायचे. गाळ आपोआप खाली बसतो आणि तळ दिसू लागतो. पाणी नाहीसे झाले का? नाही. तसेच चित्ताचे. विचार मारायचे नसतात, ढवळणे थांबवायचे असते.

त्यासाठी तुरटी कोणती? अभ्यास आणि वैराग्य, अशी जोडी पतंजली सांगतात. आणि पुढे दुसऱ्या पादात आठ अंगांची यादी येते: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी.

यम पाच: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. यातले बहुतेक इतरांशी कसे वागायचे याबद्दल. नियम पाच: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. हे स्वतःशी कसे वागायचे याबद्दल. मग आसन. आसनाला पतंजलींनी किती सूत्रे दिली असतील? फक्त तीन. स्थिर आणि सुखाने बसता यावे, एवढीच मुख्य अपेक्षा. एकाही आसनाचे नाव सूत्रांत नाही. शीर्षासन नाही, भुजंगासन नाही, सूर्यनमस्कार तर नाहीच. श्वासाचे नियमन म्हणजे प्राणायाम. इंद्रिये विषयांपासून आत वळणे म्हणजे प्रत्याहार. चित्त एका जागी लावणे ही धारणा, ते तिथे अखंड वाहत राहणे हे ध्यान, आणि ध्यान करणाऱ्याचे वेगळेपण उरू नये ती समाधी.

या आठांना 'पायऱ्या' म्हणायची आपल्याला सवय आहे. पण मूळ शब्द अंग आहे. आधी हात वाढतो आणि मग पाय, असे बाळाचे होत नाही. सगळी अंगे बरोबरीने वाढतात. "आधी अहिंसा पूर्ण साधू आणि मग बसू" असे म्हणणारा कधीच बसणार नाही.

मग इतकी आसने आली कुठून?

हा प्रश्न आम्हांला विद्यार्थी हमखास विचारत. उत्तर आहे हठयोगाच्या परंपरेत, आणि तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर ही गुरुपरंपरा आपण कीर्तनात ऐकतो. नाथपंथाने शरीराकडे पाहण्याची नजर बदलली. शरीर हा अडथळा नाही, ती प्रयोगशाळा आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडून पाहा. गीतेतल्या थोड्या श्लोकांवर ज्ञानदेवांनी आसन, बंध, कुंडलिनी यांचे जे विस्तृत वर्णन केले आहे, ते मूळ गीतेत नाही. ते नाथांकडून आलेले आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला, मराठीत. संस्कृतात कोंडलेली विद्या लोकभाषेत मांडली गेली, याचे महत्त्व मोठे आहे.

पुढे साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' आली. तिच्यात पंधरा आसने आहेत. मयूरासन, धनुरासन, पश्चिमतान आणि आपल्या सर्वांचे लाडके शवासनही. त्यानंतरच्या 'घेरंडसंहिते'त बत्तीस आसने आहेत. म्हणजे संख्या वाढत गेली. आणखी एक गंमत सांगतो. आज ज्या कपालभातीला सगळे प्राणायाम म्हणतात, ती हठप्रदीपिकेत प्राणायामात मोडत नाही. ती षट्कर्मांत, म्हणजे धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या जोडीला, शुद्धिक्रिया म्हणून येते. दात घासणे आणि जेवणे यांत जो फरक, तो तिथे मानलेला आहे.

आणि आजचे, तासाभराच्या वर्गातले योगासनांचे रूप? ते बरेचसे विसाव्या शतकातले आहे. स्वामी विवेकानंदांचा 'राजयोग' १८९६ साली आला, पण त्यांचा भर मनावर होता, आसनांवर नव्हता. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. संन्यासी नसलेल्या, संसारी माणसांसाठी योग हा त्यांचा आग्रह. त्यांचे गुरुबंधू स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, आधी अमळनेरला शिक्षणकार्यात होते. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासले. "शास्त्रात लिहिले आहे" एवढ्यावर न थांबता "चला, मोजून पाहू" असे म्हणणारा हा माणूस. आम्हांला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

त्याच सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. आणि तिकडे म्हैसूरला, राजवाड्याच्या आश्रयाने, तिरुमलै कृष्णम्माचार्य मुलांना योग शिकवत होते. आज जगभर पसरलेल्या दोन मोठ्या पद्धती त्यांच्या शिष्यांच्या आहेत.

पद्धती: कोणती कोणासाठी?

आता या पद्धती थोडक्यात पाहू. कारण वर्ग लावायचा म्हटले की नावांचा नुसता बाजार दिसतो.

अय्यंगार पद्धत. बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार, जन्म १९१८. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी खंगलेले. म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णम्माचार्यांकडे शिकले आणि १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. मग पुण्याचेच झाले. १९६६ मध्ये त्यांचा 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ आला, १९७५ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. या पद्धतीत आसन अचूक असण्यावर भर आहे. पाऊल कुठल्या कोनात, खांदा कुठे, गुडघ्याची वाटी कशी. आणि शरीराला जमत नसेल तर लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, दोर, खुर्ची यांची मदत. म्हाताऱ्या माणसाला किंवा दुखणेकऱ्याला ही फार उपयोगी. आमच्यासारख्याचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही, तर मध्ये पट्टा. त्यात लाज कसली?

अष्टांग विन्यास. हे नाव ऐकून पतंजलींचे अष्टांग समजू नका. ही के. पट्टाभि जोइस यांची म्हैसूरची पद्धत. श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्या आसनात सरकत जायचे, क्रम ठरलेला. घाम निघतो, ताकद लागते. तरुणांना आवडते. 'पॉवर योगा' हे हिचेच पाश्चात्त्य रूप. साठीनंतर एकदम इकडे वळू नये.

शिवानंद परंपरा. स्वामी शिवानंद संन्यास घेण्याआधी मलायात डॉक्टर होते. त्यांच्या हृषीकेशच्या आश्रमातून अनेक शाखा निघाल्या. त्यांतल्या वर्गांत साधारण बारा मूळ आसने, प्राणायाम आणि विश्रांती असते. त्यांचेच शिष्य स्वामी सत्यानंद यांनी १९६०च्या दशकात मुंगेरला बिहार योग विद्यालय उभे केले. सांधे मोकळे करणाऱ्या पवनमुक्तासनाच्या मालिका आणि योगनिद्रा ही तिथली आपल्याला मिळालेली देणगी. गुडघे धरलेल्या माणसाने इथून सुरुवात करावी.

लोणावळ्याची धाटणी. इथे आसन सावकाश घ्यायचे, जमेल तितके टिकवायचे, ताण न देता सोडायचे. महाराष्ट्रात शाळामास्तरांपासून गृहिणींपर्यंत अनेकांनी योग शिकला तो असाच.

शिवाय ४० अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत करायचा 'हॉट योगा' आहे. उकाड्यात राहणाऱ्या आपल्या लोकांनी त्यासाठी पैसे का द्यावेत, हे आम्हांला कळलेले नाही. हृदयविकार आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर लांबच राहावे.

तात्पर्य काय? पद्धत श्रेष्ठ की कनिष्ठ हा प्रश्न चुकीचा. वय, प्रकृती, स्वभाव आणि शिकवणारा, हे चार पाहावेत. त्यातही शिकवणारा सर्वांत महत्त्वाचा. "काही दुखणे आहे का?" असे पहिल्या दिवशी जो विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये.

उपयोग: खरे, थोडे खरे आणि खोटे

आता उपयोगांकडे येऊ. इथे आम्ही जरा सावधपणे बोलणार आहोत, आणि त्याला कारण आहे.

महाविद्यालयात आमचे एक सहकारी होते, गणिताचे. आमचे तीस वर्षांचे मित्र. निवृत्तीनंतर रक्तदाबाची गोळी सुरू झाली. एका शिबिराला ते गेले. तिथे व्यासपीठावरून सांगितले गेले, पंधरा दिवस हे करा आणि गोळ्या कचऱ्यात टाका. परत आल्यावर मोठ्या उत्साहाने आम्हांला म्हणाले, "गोळी सोडली बरं का. आता फक्त प्राणायाम." आम्ही हसलो. "वा" म्हणालो आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागलो. तिसऱ्या आठवड्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रुग्णालयात वहिनी आम्हांला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जन्मभर योगसूत्रं शिकवलीत. तुम्ही का नाही त्यांना थांबवलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गणिती माणसाने पुरावा मागितला नाही आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाने शंका घेतली नाही. आजचं व्याख्यान आम्ही द्यायचं ठरवलं त्याचं खरं कारण हे आहे.

तर आता हिशेब नीट मांडू. पहिला गट, ज्याला बऱ्यापैकी आधार आहे. जुनी कंबरदुखी योगाभ्यासाने काही प्रमाणात कमी होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात औषधांआधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश आहे. लवचीकपणा, तोल, स्नायूंची ताकद वाढते. उतारवयात तोल ही चैनीची गोष्ट नाही, पडण्यापासून ती वाचवते. मनाचा ताण कमी वाटतो, अनेकांची झोप सुधारते.

श्वासाचे काय होते तेही सांगतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. हे प्रत्येकाचे होते. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्या, कित्येकांना ते जाणवेल. आता उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत करणाऱ्या मज्जासंस्थेचा अंमल वाढतो. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की मन निवल्यासारखे वाटते, ते यामुळे. यात गूढ काही नाही, आणि गूढ नाही म्हणून ते कमी मोलाचेही नाही.

दुसरा गट, थोडे खरे. रक्तदाब, साखर, दमा यांत योगाने मदत होते. होते, पण औषधाच्या जोडीला. रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण 'थोडा' हा शब्द विसरू नका. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर मोजून ठरवतील. तसेच, फक्त हलकी आसने केली म्हणजे व्यायाम पुरा झाला असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. तेव्हा आसनांबरोबर भरभर चालणे हवेच.

तिसरा गट, निव्वळ खोटे. "दीर्घ श्वासाने रक्तात खूप जास्त प्राणवायू भरतो." निरोगी माणसाच्या रक्तात साध्या श्वासानेही प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर असते. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? "कर्करोग बरा होतो." नाही. उपचार चालू असताना मनाला आणि झोपेला आधार मिळतो, हे खरे. पण आधार आणि उपचार या दोन गोष्टी आहेत.

आणि पथ्येही आहेत. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको, डोळ्यांतला दाब वाढतो. मानेचे दुखणे असेल तर तेच. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यांत जोरकस कपालभाती नको. हाडे ठिसूळ असतील तर पुढे खोल वाकणे टाळावे.

लाभाबद्दल तत्त्वज्ञान काय म्हणते?

पतंजली चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगतात. त्यात पहिलाच अडथळा कोणता? व्याधी. म्हणजे शरीर बरे राहावे हे त्यांनाही मान्य आहे, पण का? आजारी शरीर सतत लक्ष वेधून घेते म्हणून. दाढ दुखत असताना ध्यान लागत नाही, इतके ते व्यवहारी आहे. आरोग्य ही वाटेतली धोंड दूर करणे झाले, ते मुक्कामाचे ठिकाण नव्हे.

दुसरी बाजू तिसऱ्या पादात आहे. तिथे सिद्धींची भलीमोठी यादी येते. आणि मधेच पतंजली बजावतात की या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. जे लोकांना फळ वाटते त्याला ते विघ्न म्हणतात. आमच्या मित्राला शिबिरात जे विकले गेले, ते या अर्थाने योगच नव्हते. ती सिद्धीची जाहिरात होती. गोळी फेकण्याचा अभिमान हीसुद्धा एक चित्तवृत्तीच, नाही का? आणि सत्य हा यम आहे. न तपासलेला दावा व्यासपीठावरून करणे म्हणजे आठांपैकी पहिले अंगच मोडणे. ऐकून गप्प बसणे, हेही काही फार वेगळे नाही. हे आम्ही स्वतःला सांगतो आहोत.

सुरुवात कशी करावी?

रोज वीस मिनिटे. पोट हलके असावे. सतरंजी किंवा चटई. पहिली पाच मिनिटे मान, खांदे, घोटे, गुडघे सावकाश हलवणे. दहा मिनिटे चार-पाच सोपी आसने: ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, मार्जारासन, भुजंगासन. गुडघे सहन करत असतील तरच वज्रासन, नाहीतर खुर्ची. दोन मिनिटे श्वास, उच्छ्वास थोडा लांब. शेवटी तीन मिनिटे शवासन. ताणल्यासारखे वाटणे चालेल, दुखणे चालणार नाही. अभ्यास पक्का कशाने होतो, याबद्दल पतंजलींच्या अटी अशा: पुष्कळ काळ, खंड न पाडता, आणि आदराने. पंधरा दिवसांत चमत्कार ही अट त्यांत नाही.

२०१४च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला. चांगलेच झाले. पण २२ जूनला चटई कुठे असते, यावर सगळे अवलंबून आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*ईश्वर न मानणाऱ्याने योग करावा का?*

जरूर करावा. सांख्याला ईश्वराची गरज वाटली नाही, हे आपण पाहिले. पतंजली ईश्वर मानतात, पण तो सृष्टीचा कर्ता म्हणून नाही, विशेष पुरुष म्हणून. त्याला शरण जाणे हा त्यांनी सांगितलेला एक उपाय आहे, एकमेव नाही.

*ध्यानाला बसले की जास्तच विचार येतात. काय करावे?*

ते जास्त येत नाहीत, जास्त दिसू लागतात. खोलीत उन्हाची तिरीप आली की धुळीचे कण दिसतात, ते ऊन घेऊन आलेले नसते. बसत राहा.

*तुमचे ते मित्र आता कसे आहेत?*

बरे आहेत. काठी घेऊन चालतात. बोलणे पुष्कळ परत आले आहे. गोळी रोज घेतात, आणि फिजिओथेरपिस्टला विचारून खुर्चीवर बसून आसनेही करतात. गुरुवारी आम्ही त्यांच्याकडे जातो, बरोबर बसतो, बरोबर श्वास मोजतो. मोजण्यात ते अजूनही आमच्यापेक्षा हुशार आहेत.

पुढच्या व्याख्यानात आपण यमांकडे वळू, आणि त्यातही सत्य आणि अहिंसा यांचा झगडा झाला तर काय करायचे, या अवघड प्रश्नाकडे. तोवर रोज वीस मिनिटे. आणि कोणाची गोळी सुटल्याचे कानावर आले, तर "वा" म्हणण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: डॉक्टरांना विचारलंत का?